आधी कडा बघा

कॅमेरा घेतला त्या वर्षी मी वाईजवळच्या मेणवलीला तीन-चार वेळा गेले. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर अर्धचंद्राकृती घाट आहे. पायऱ्यांच्या वळणदार रेषा, देऊळ, पाणी, धुणं धुणाऱ्या बायका. सगळं समोर असूनही फोटो फसायचे. स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडणाऱ्या रेषा, लावून मी विषय एक-तृतीयांश रेषेवर नेमका बसवायचे आणि रचना झाली असं समजायचे.

एका ज्येष्ठ छायाचित्रकारांना ते फोटो दाखवले. विषयाबद्दल ते काहीच बोलले नाहीत, नुसतं फोटोच्या कडांवरून बोट फिरवत गेले. इथे बादली अर्धी कापली गेलीय, इथे पांढरी पिशवी, इथे बाईच्या डोक्यातून खांब उगवलाय. नजर आधी तिकडेच जात होती.

तेव्हापासून शटर दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवते. नको ते दिसलं की झूम नाही, पाय हलवायचे. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की खांब डोक्यापासून सुटतो. गुडघ्यावर बसलं की पुढच्या पायऱ्या मोठ्या होतात, दोन पायऱ्या वर चढलं की माणसामागे भिंतीऐवजी पाणी येतं. दोन माणसं असतील तर त्यांच्या मधून उजेड दिसला पाहिजे, नाहीतर फोटोत त्यांचा एकच गोळा होतो.

पायांना ही सवय लागावी म्हणून १८-५५ मिमीची झूम लेन्स ३५ मिमीवर ठेवून, झूम फिरू नये म्हणून मी तिला चिकटपट्टी लावली. दोन महिने तशीच वापरली. क्रॉप सेन्सरवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर) ती साधारण ५० मिमीसारखं बघते, आणि फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम ५० मिमीवरच केलं. तुम्हीही हे कराच. महागड्या लेन्सपेक्षा जास्त शिकाल.

एक-तृतीयांशचा नियम मी टाकला नाही. तो मुळात चित्रकलेतला. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी निसर्गचित्रांच्या संदर्भात तो १७९७ मध्ये मांडला, कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी. पण या घाटाची कमान मधोमध उभं राहूनच पुरी दिसते. तिथे विषय बाजूला ढकलला की तोल जातो. चौरस चौकटीत हे लवकर कळतं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ज्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यावर काम करायच्या, तिची निगेटिव्ह ६×६ सेंमीची. मोबाइलवर १:१, म्हणजे चौरस चौकट, लावून आठवडाभर काढून बघा.

आणि थांबायला शिका. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ पडते. ती चौकट आधी पक्की करा, मग माणूस येण्याची वाट बघा. (धुणाऱ्या बायकांना आधी विचारायचं. नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली.) एकदा तासभर बसून मी नऊच फोटो काढले. आठव्यात एक मुलगा कळशी घेऊन शेवटच्या पायरीवर आला, आणि त्याच्या चारही बाजूंना नुसता दगड आणि पाणी होतं.