मोडीचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, वाचनं मात्र आपल्या जागेत

मोडी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणी आजोबांच्या पेटीतल्या कागदाचा फोटो टाकतं. दुसरं कुणी पहिली ओळ लावतं. तिसरं कुणी सांगतं, 'छ १२' म्हणजे हिजरी चांद्र महिन्याची बारावी तारीख. तासाभरात अख्खा कागद वाचून होतो आणि दोन दिवसांत शुभेच्छांखाली गाडला जातो. सहा महिन्यांनी तसाच कागद घेऊन आलेल्या नवशिक्याला यातलं काही सापडत नाही, कारण ग्रुपमध्ये येण्याआधीचे मेसेज त्याला आपोआप दिसत नाहीत.

मोठे प्लॅटफॉर्म माणसं गोळा करायला फार चांगले. पुणे, नागपूर, तंजावर अशा ठिकाणचे मोडीवाले एरवी एकमेकांना भेटले नसते. पण साठवण हे त्यांचं काम नव्हे, आणि साठवण राहील की नाही हे आपल्या हातातही नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. म्हणून ग्रुप मोडू नका. गप्पा तिथेच चालू द्या आणि वाचनं आपल्या जागेत, म्हणजे स्वतःच्या साइटवर, आणा.

आधी जुनं बाहेर काढा

ग्रुप उघडा, तीन ठिपके, 'मोअर', मग 'एक्सपोर्ट चॅट'. हे दोनदा करा. मीडियाशिवाय सुमारे ४०,००० मेसेज मिळतात, मीडियासकट जेमतेम १०,०००. एक्सपोर्ट होतच नसेल तर ग्रुपच्या माहितीत 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू आहे का ते बघा; ती चालू असताना एक्सपोर्ट बंद असतं. प्रत्येकाच्या फोनवर तो सामील झाल्यापासूनचं, आणि त्याने पुसलेलं सोडून, एवढंच असतं. म्हणून सगळ्यात जुन्या तीन-चार सभासदांकडून वेगवेगळं एक्सपोर्ट मागवा.

खरी गफलत इथे होते. अँड्रॉइडवर फोटोच्या नावात तारीख आणि 'डब्ल्यूए'पुढे चार आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक त्या फोनवर त्या दिवशी आलेल्या फोटोंचा असतो, ग्रुपचा नाही. दोघांच्या फाइली एका फोल्डरमध्ये ओतल्या तर नाव तेच पण कागद वेगळा असं होतं, आणि एक फोटो दुसऱ्यावर चढून कायमचा जातो. प्रत्येकाचं फोल्डर वेगळं ठेवा आणि दुहेरी प्रती नावावरून न शोधता चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा) काढून शोधा.

तारखाही जपून वाचा. फोनच्या सेटिंगप्रमाणे ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल किंवा चार मार्च असू शकतं. महिन्याच्या १३ तारखेनंतरचा एखादा मेसेज बघितला की क्रम कळतो. मजकुराच्या फाइलमध्ये लोकांचे मोबाइल नंबर येतात. ते काढल्याशिवाय फाइल कुणालाही देऊ नका.

जागा कशी उभारायची

डिस्कोर्स हे चर्चेची साइट चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर या कामाला योग्य वाटतं. सर्व्हरवर १ जीबी रॅम आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर ते चालतं, पण २ जीबी घ्या, नाहीतर अपडेटच्या वेळी अडकतं. डोमेन (साइटचा पत्ता) लागतं आणि ईमेल पाठवणारी सेवा लागते. बहुतेकांचं घोडं ईमेलवरच अडतं: सर्व्हर देणाऱ्या अनेक क्लाउड कंपन्या पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जाण्याचं नेहमीचं दार, बंद ठेवतात, तेव्हा ५८७ वापरा. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या नोंदी) घाला, नाहीतर नोंदणीचे मेल स्पॅममध्ये जातात आणि लोकांना वाटतं साइटच बंद आहे.

मग चार सेटिंग बदलायचीच.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो लहान करणं थांबवा. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जातात, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. दोन अक्षरांतला फरक कधी एका बारीक वळणाचा असतो. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जाने पाठवलेल्या फोटोची लांबी साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि लांबलचक कागदात ते वळण पुसटतं. डिस्कोर्ससुद्धा अपलोड करताना मोठा फोटो १९२० पिक्सेलपर्यंत आक्रसतो. 'कंपोझर मीडिया ऑप्टिमायझेशन' बंद करा आणि फोटोच्या आकाराची मर्यादा वाढवा. व्हॉट्सॲपवरून मूळ फोटो मागवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

दुसरं, लिंकमध्ये शीर्षक कसं यावं हे ठरवणारं 'स्लग जनरेशन मेथड' हे 'नन' करा. मूळ सेटिंगला देवनागरी शीर्षक झेपत नाही, आणि 'एन्कोडेड' केलं तर व्हॉट्सॲपवर टक्केचिन्हांची लांबच लांब माळ उमटते. 'नन'ने लिंक आखूड येते.

तिसरं, उत्तराची किमान लांबी वीस अक्षरं असते. 'बरोबर' एवढंच लिहिणाऱ्या जाणकाराला साइट अडवते, आणि तो परत येत नाही. पाचवर आणा. चौथं, टॅग सुरू नसतील तर सुरू करा. मराठीच्या सामान्यरूपाचं शोधयंत्राला काही कळत नाही: 'कागद' शोधलं तर 'कागदात' सापडतं, पण 'वाडा' शोधून 'वाड्यात' सापडत नाही. गाव, शतक आणि दस्ताचा प्रकार, एवढे तीन टॅग पुरेत.

प्रत्येक कागदाचा धागा एकच, आणि त्यात फोटोबरोबर ओळीवार बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर हवंच. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे, पण कित्येक फोनवर फाँट नसल्याने नुसते चौकोन दिसतात. शंका असलेला शब्द चौकटी कंसात ठेवा. नंतर येणाऱ्याला तिथेच काम करता येतं. वतनाचे किंवा जमिनीचे कागद घरच्या मालकाच्या होकाराशिवाय सार्वजनिक करू नका. भाऊबंदकी आजही चालू असते.

माणसं कशी वळवायची

नियम एकच ठेवा: प्रश्न व्हॉट्सॲपवर आला तरी उत्तर साइटवर द्यायचं आणि ग्रुपवर फक्त त्याची लिंक टाकायची. हे आधी ॲडमिन आणि दोन-तीन उत्तम वाचकांनी पाळायला हवं. त्यांनी ग्रुपवर अख्खी ओळ वाचून दिली की बाकीच्यांना साइटवर यायचं कारणच उरत नाही. सुरुवातीला निदान ३० जुने कागद नीट लावून ठेवा आणि मगच लिंक ग्रुपच्या वर्णनात घाला. रिकाम्या ओसरीवर कुणी बसत नाही.

ज्येष्ठांना पासवर्ड नकोसा वाटतो. त्यांच्यासाठी ईमेलला उत्तर दिलं की ते धाग्यात जाईल अशी सोय डिस्कोर्समध्ये आहे, मात्र त्यासाठी वेगळा मेलबॉक्स जोडावा लागतो. तेवढे कष्ट घ्या. फर्डी मोडी झरझर वाचणारे बरेच जण याच वयाचे आहेत.

ॲडमिन व्हायला लोक कचरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. स्वतःच्या साइटवर मात्र तक्रार आली की लगेच बघणारं माणूस नेमलेलं असावं.

बॅकअप मुळात त्याच सर्व्हरवर पडतो, म्हणजे सर्व्हर गेला की तोही गेला. दर आठवड्याला प्रत दुसरीकडे उतरवा, त्यात फोटो आहेत ना ते उघडून बघा, आणि वर्षातून एकदा ती कोऱ्या सर्व्हरवर चढवून बघा. डोमेनचं खातं आणि सर्व्हरचा पासवर्ड किमान दोघांकडे हवा, आणि डोमेन एकदम पाच वर्षांसाठी घ्या.