पिल्लू, आरव्ही आणि मावशीचं घर: प्रवासाची तयारी कशी करावी

अमेरिकेत सुट्टीत आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन मावशीकडे किंवा भावाकडे जायचं ठरतं आणि नेमकं त्याच सुमाराला घरात दहा-बारा आठवड्यांचं कुत्र्याचं पिल्लू आलेलं असतं. त्याला खुशाल न्या, पण बेत दोन गोष्टींभोवती आखा: त्याच्या लसी आणि गाडीतली वीज.

आधी लसींची तारीख बघा

पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या लसीचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा थोडे पुढेही चालतात. तोवर पिल्लाला पुरेसं संरक्षण नसतं. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून हायवेवरच्या रेस्ट एरियातल्या कुत्र्यांच्या हिरवळीवर अशा पिल्लाला सोडू नका. शी-शू गाडीतच पॅडवर करू द्या. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र असेल तर कागदावरच बरोबर ठेवा. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर मागतात.

नातेवाईक टोरांटोला असतील तर एक मोठी अडचण आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत शिरणाऱ्या कुत्र्याचं वय किमान सहा महिने असावं लागतं. शिवाय मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख-चिप) आणि सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, ऑनलाइन फॉर्मही लागतो. चार महिन्यांचं पिल्लू कॅनडात नेलं, तर परतताना सीमेवर अडकाल.

निघण्याआधीचे तीन-चार दिवस

गाडी दारात उभी असतानाच पिल्लाचं जेवण आत द्या. दुसऱ्या दिवशी ते खाताना इंजिन चालू करा, मग जनरेटर. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारा. हे टाळलं तर पहिल्याच दिवशी गाडीचा हादरा, आवाज आणि अनोळखी वास एकदम अंगावर येतात, आणि पिल्लू क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या पिंजऱ्यात, ओरडत राहतं.

चालत्या गाडीत

क्रेट डायनेटच्या (गाडीतल्या जेवणाच्या टेबलाच्या) बाकावर किंवा त्याच्या पायाशी पट्ट्याने घट्ट बांधा. मागच्या बेडरूममध्ये ठेवू नका: मागच्या चाकांपलीकडचा भाग सगळ्यात जास्त उसळतो आणि समोरच्या एसीची हवाही तिथवर पोचत नाही. मळमळ बहुतेक तिथेच सुरू होते. निघण्याआधी तीनेक तास थोडंसं खायला द्या, दर दोन तासांनी थांबा. पहिले काही दिवस पाणी घरचंच वापरा. नव्या पाण्याने काही पिल्लांचं पोट बिघडतं.

स्लाइड-आउट

स्लाइड-आउट म्हणजे जागा वाढवायला बटण दाबून बाहेर सरकणारी गाडीची भिंत. मुक्कामी पोचल्यावर सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. तिच्या खाचेत लहान पिल्लू सहज शिरतं आणि चिरडलं जाऊ शकतं. बटण दाबण्याआधी ते क्रेटमध्ये आहे हे डोळ्यांनी बघा. 'झोपलं असेल' असं म्हणून चालत नाही. जाळीच्या पायऱ्यांवर गालिच्याचा तुकडा बांधा, नाहीतर पंजा अडकतो.

वीज

बाहेर २१ अंश असले तरी बंद गाडीत अर्ध्या तासात ४० अंश होतात. म्हणून पिल्लाला एसी लावून आत ठेवलं, तरी तो बंद पडू शकतो हे धरूनच चाला. कॅम्पग्राउंडवरच्या ३० अँपच्या वीजजोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवरचं पाणी तापवणं एकदम चालवलं की ब्रेकर पडतो. बाहेर जाताना एसीखेरीज सगळं बंद करा आणि मोबाइल नेटवर्कवर इशारा देणारा तापमान-मॉनिटर लावा. कॅम्पग्राउंडच्या वायफायवर चालणारा घेऊ नका. वीज गेली की तेही जातं.

मावशीच्या ड्राइव्हवेत तर घरचं साधं १५ अँपचं सॉकेटच मिळतं. अडॅप्टर लावून दिवे आणि बॅटरी-चार्जिंग होईल. एसी मात्र सुरू होतानाच ब्रेकर पाडण्याची शक्यता मोठी, त्यातून गॅरेजमधला फ्रीज त्याच सर्किटवर असला तर फारच. उकाड्यात पिल्लाला क्रेटसकट घरातच झोपवा. सोसायटीत, म्हणजे एचओएमध्ये, रात्री आरव्ही उभी करू देतात का तेही आधीच विचारून घ्या.

घरात शिरताना

पहिला दिवस पट्टा सोडू नका. पिल्लू पायात घुटमळतं आणि आजी-आजोबा अडखळून पडू शकतात. त्या घरात मोठा कुत्रा असेल तर दोघांची भेट बाहेर, त्याच्या अंगणापासून लांब, दोघांनाही पट्ट्यावर समांतर चालवत करा. मात्र त्या मोठ्या कुत्र्याच्या लसी पूर्ण असतील तरच.

खरी कसोटी स्वयंपाकघरात. बेदाणे-मनुका घातलेला शिरा किंवा लाडू, कांदा-लसणाच्या आमटीत कालवलेला भात, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम, हे सगळं कुत्र्याला विषारी आहे. कांदा-लसूण शिजवला तरी तांबड्या रक्तपेशी फुटतात. बेदाण्यांनी मूत्रपिंडं बिघडतात. आजीला नुसतं 'देऊ नकोस' म्हणू नका, तिला राहवणार नाही. पिल्लाच्याच खाण्याची वाटी भरून तिच्या हातात द्या. दिवसाच्या मापातलंच ते खाणं, म्हणजे भरवण्याचा आनंदही तिला मिळतो.

तरी काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. पिल्लाचं वजन, काय खाल्लं, किती आणि कधी, एवढं लिहून २४ तास उघड्या पशुवैद्यकीय रुग्णालयात लगेच फोन करा. मुक्कामाजवळच्या अशा रुग्णालयाचा नंबर निघण्याआधीच मावशीच्या फ्रिजवर लावायला सांगा.