ट्रेलरच्या चाकांसाठी स्वस्तातला पण खात्रीचा टॉर्क रेंच कसा निवडायचा

कारचं चाक सैल झालं की स्टिअरिंग थरथरायला लागतं, आवाज येतो, काहीतरी बिघडलंय हे चालवणाऱ्याला कळतं. ट्रेलरचं तसं नाही, तो मागे असतो आणि त्याचं चाक डगमगत असलं तरी पुढच्या गाडीत बसलेल्याला बऱ्याचदा पत्ताच लागत नाही, कळतं तेव्हा नट गळून गेलेले असतात किंवा स्टड (ज्या बोल्टवर नट बसतो तो) तुटलेले असतात. त्यामुळे ट्रेलर बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे टॉर्क रेंच, म्हणजे नट किती टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळला जातोय ते दाखवणारा पाना, असायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठी महागडं मॉडेल घ्यायची काही गरज नाही. फक्त स्वस्तातला घेताना काय बघायचं आणि कशाकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं हे माहीत पाहिजे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, हा पाना घरी कपाटात ठेवायचा नाहीये, तो ट्रेलरबरोबर फिरायला हवा. कारण चाक नवीन बसवलं की नट एकदा आवळून काम संपत नाही. रिम आणि ड्रमच्या मधला रंग, गंजाचा पापुद्रा, नटाची बैठक हे सगळं पहिल्या काही किलोमीटरमध्ये दबतं आणि नटावरचा ताण कमी होतो. म्हणून ॲक्सल बनवणारे सांगतात की चाक लावल्यावर साधारण १५, ४० आणि ८० किलोमीटरला थांबून परत टॉर्क तपासा. त्यात दोन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर वळताना टायर आडवे घासत जातात, तो सगळा आडवा जोर रिम आणि स्टडवर येतो, कारच्या चाकाला इतका त्रास कधी होत नाही. म्हणजे रस्त्याच्या कडेला, धुळीत, कधी पावसात वापरायची ही वस्तू आहे. दणकट आणि सोपी असली पाहिजे, तिच्यावर ओरखडा उठला तर जीव हळहळेल इतकी महाग नको.

आता निवडीकडे येऊ. दुकानात जायच्या आधी तुमच्या ट्रेलरला किती टॉर्क लागतो तो आकडा शोधा, बाकी सगळं त्यावरच ठरतं. ट्रेलर एका कंपनीचा आणि ॲक्सल दुसऱ्याच कंपनीचा असं सर्रास असतं, त्यामुळे ट्रेलरच्या कागदांत आकडा सापडला नाही तर ॲक्सलवरची प्लेट पुसून बघा आणि त्या कंपनीचं मॅन्युअल शोधा. अलॉय रिम असेल तर रिमवाल्याचा आकडा वेगळा असू शकतो, तोही बघा. अंदाज यावा म्हणून सांगतो, १२ मिमीचे बोल्ट असलेल्या लहान ट्रेलरना बऱ्याचदा ९० न्यूटन मीटरच्या आसपास लागतो, अर्धा इंची स्टडना साधारण ९० ते १२० फूट पाउंड म्हणजे १२० ते १६० न्यूटन मीटर, आणि ९/१६ इंची स्टडना त्याच्याही वर. पण हे फक्त अंदाजासाठी, आवळताना आकडा तुमच्या मॅन्युअलचाच घ्यायचा.

एककांचा घोळ इथेच होतो म्हणून सांगून ठेवतो: १ फूट पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, आणि १ किलोग्रॅम मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन मीटर. मॅन्युअलमध्ये १२० फूट पाउंड असताना पान्यावर १२० न्यूटन मीटर लावलं तर नट जवळपास पाव हिस्सा कमी आवळला जातो आणि आपल्याला वाटतं काम चोख झालं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे एकक आहे तेच पान्याच्या स्केलवर मोठ्या अक्षरात असेल असा पाना घ्या.

पुढचा प्रश्न रेंजचा, आणि स्वस्तातला घेताना लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. क्लिकवाला पाना, म्हणजे आत स्प्रिंग असलेला आणि लावलेला टॉर्क आला की टक् करणारा, साधारण त्याच्या कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून वर भरवशाचा असतो, अगदी खालच्या टोकाला क्लिक इतकी हलकी येते की हाताला जाणवतही नाही. आणि वरच्या टोकाला रोज वापरला तर स्प्रिंगवर कायम पूर्ण ताण. म्हणून तुमचा आकडा स्केलच्या मधल्या भागात किंवा त्याच्या थोडा वर पडला पाहिजे. ९० ते १६० न्यूटन मीटरच्या कामाला ४० ते २०० च्या आसपासची रेंज असलेला अर्धा इंची ड्राइव्हचा (ज्या चौकोनी टोकावर सॉकेट बसतं ते अर्ध्या इंचाचं असलेला) पाना एकदम बरोबर बसतो. ३/८ ड्राइव्हचा लहान पाना स्वस्त मिळतो, हातातही हलका लागतो, पण त्यातले बरेचसे १००-१३० न्यूटन मीटरच्या आसपास संपतात आणि दांडाही आखूड असतो त्यामुळे जोर लावताना दमछाक होते, चाकांसाठी तो घेऊ नका. जड ट्रेलर असेल, ५/८ स्टडचा, तर काही ॲक्सलना ४०० न्यूटन मीटरही लागतात, तिथे ३/४ ड्राइव्हचा मोठाच पाना लागेल आणि तो स्वस्तात बसत नाही, तेवढ्यापुरता कुणाकडून मागून आणलेला बरा.

प्रकारांचं बोलायचं तर स्वस्तात खरे पर्याय दोनच आहेत. पहिला बीमवाला, म्हणजे जाड दांडा वाकतो आणि शेजारची बारीक काडी सरळ राहून पट्टीवर आकडा दाखवते. यात स्प्रिंग नाही, लॉक नाही, बिघडण्यासारखं जवळपास काहीच नाही. काडी शून्यावरून सरकली असेल तर हाताने हळूच वाकवून परत शून्यावर आणता येते. दोन्ही दिशांना चालतो, म्हणजे जुन्या ट्रेलरच्या एका बाजूला उलटे आटे असले तरी अडत नाही. तोटा एवढाच की आकडा वाचायला डोळे बरोबर पट्टीच्या समोर हवेत, आणि चाक जमिनीलगत असल्यामुळे त्यासाठी गुडघ्यावर बसून मान वाकडी करावी लागते, अंधारात तर टॉर्च धरायला दुसरं माणूस लागतं. दुसरा क्लिकवाला, आकडा लावायचा, ओढायचं, टक् झालं की थांबायचं. वापरायला फार सोयीचा, न बघताही काम होतं, पण स्प्रिंगची काळजी घ्यावी लागते आणि तो चुकीचा क्लिक द्यायला लागला तर बाहेरून काहीच कळत नाही. माझ्या मते बजेट अगदीच कमी असेल तर मिळेल तो एकदम फालतू क्लिकवाला घेण्यापेक्षा बीमवाला घ्यावा, थोडं जास्त खर्च करायची तयारी असेल तर मध्यम दर्जाचा क्लिकवाला. डिजिटल चांगलेच असतात पण ट्रेलरच्या टूलबॉक्समध्ये महिनोन् महिने पडून राहणाऱ्या वस्तूत बॅटरी नको, ऐन वेळी ती उतरलेली असते.

क्लिकवाला हातात घेऊन बघता आला तर आकडा लावायची मूठ फिरवून बघा, आकडे खोल कोरलेले आहेत का की नुसते छापलेत, छापलेले ग्रीसच्या हाताने वर्षभरात पुसले जातात. लॉक लावल्यावर मूठ जराही सरकता कामा नये. लांबी ४५ ते ५० सेंटिमीटर असेल तर १५० न्यूटन मीटरला सुद्धा फार रेटावं लागत नाही. अचूकता अधिक-उणे ४ टक्के लिहिलेली पाहिजे, आयएसओ ६७८९ या मानकात या मापाच्या पान्यांना तेवढीच मुभा आहे. सोबत त्या पान्याच्या सीरियल नंबरचा तपासणी कागद असेल तर उत्तम. चाकाच्या नटाला ४ टक्के पुरेसे आहेत, २ टक्क्यांसाठी जास्त पैसे घालू नका, तेच पैसे चांगल्या सॉकेटवर घाला. सहा कोनी, खोल सॉकेट घ्या, बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून टाकतं.

पाना आणला की लगेच एकदा तपासून घ्या, घरच्या घरी जमतं. चौकोनी ड्राइव्ह व्हाइसमध्ये पक्का धरायचा, पाना आडवा राहील असा. ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, समजा ते ४० सेंटिमीटर निघालं. मुठीच्या बरोबर मध्यावर दोरीने २५ किलो वजन टांगलं तर २५ × ९.८१ × ०.४ म्हणजे ९८ न्यूटन मीटर झाले, पान्याच्या स्वतःच्या वजनाचे अजून दोन-तीन धरा, झाले साधारण १००. आता ९५ वर सेट करून वजन हळूच सोडलं तर क्लिक यायलाच पाहिजे, आणि ११० वर सेट केलं तर येता कामा नये. वजन मात्र आधी काट्यावर मोजून घ्या, अंदाजपंचे नको, आणि पाय त्याच्या खाली ठेवू नका. यातल्या कुठल्याही एका तपासणीत हुकला तर पाना परत करा. वजन मुठीच्या मध्यावरच का टांगायचं, तर क्लिकवाल्या पान्यात हात कुठे धरलाय त्याने आकडा थोडा बदलतो, आणि म्हणूनच वापरतानाही हात मुठीवरच ठेवायचा, पाइप घालून दांडा लांब करायचा नाही.

वापराबद्दल थोडंच सांगतो, पण हे नाही पाळलं तर चांगला पानाही वाया. स्टडचे आटे वायर ब्रशने साफ करा आणि कोरडे ठेवा, बनवणाऱ्याने सांगितलं नसेल तर तेल ग्रीस लावू नका. आपण लावलेल्या जोरातला जवळपास ९० टक्के घर्षणातच जातो, तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि तोच आकडा लावूनही स्टड भलताच ताणला जातो. समुद्रात उतरणाऱ्या बोट ट्रेलरवाल्यांना ग्रीस लावायचा मोह फार होतो, तिथे तर हे नक्कीच लक्षात ठेवा. नट आधी हाताने फिरवून बसवा, मग समोरासमोरचे असे ताऱ्याच्या आकारात तीन टप्प्यांत आवळा, १५० न्यूटन मीटर लागत असतील तर आधी ३०, मग ७५, मग १५०. शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकवून, नाहीतर चाक फिरत राहतं. ओढताना झटका नको, सावकाश ओढा, आणि एक क्लिक आली की बस, खात्रीसाठी दोन-तीनदा टकटक केलं की प्रत्येक वेळी थोडं जास्त आवळलं जातं. इम्पॅक्ट गनने, म्हणजे नट झटपट फिरवणाऱ्या मशीनने, आधीच गच्च आवळून वर टॉर्क रेंच लावला तर तो लगेच क्लिक देतो आणि किती जास्त झालंय ते काहीच सांगत नाही, गनने फक्त नट टेकेपर्यंतच न्या.

रस्त्यात थांबून तपासताना तोच आकडा लावून प्रत्येक नट ओढायचा. न हलता क्लिक आली तर ठीक, क्लिकच्या आधी नट फिरला तर तो सैल होता. पहिल्या थांब्याला एखादा थोडा फिरणं स्वाभाविक आहे, पण तिसऱ्या थांब्यालाही तोच नट फिरत असेल तर पुढे जाऊ नका, रिमचं भोक लंबगोल झालंय का, स्टड ताणलाय का, नटाची बैठक रिमशी जुळते का हे चाक काढून बघा. निमुळत्या बैठकीच्या रिमला गोल बैठकीचा नट लावला तर कितीही चांगला टॉर्क द्या, तो टिकत नाही.

नट सोडायला टॉर्क रेंच वापरू नका, त्यासाठी साधा लांब दांड्याचा पाना वेगळा ठेवा. काम झालं की क्लिकवाल्याचं सेटिंग स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं, त्याच्याही खाली स्प्रिंग एकदम मोकळी करायची नाही. डबीत ठेवा, जॅक आणि साखळ्यांखाली टाकून देऊ नका, आणि उंचावरून दगडावर पडला तर परत वजन टांगून तपासल्याशिवाय वापरू नका, एरवी वर्षातून एकदा तपासला तरी घरगुती वापराला पुरे. आणि घरीच एकदा स्टेपनीच्या नटाला सॉकेट लावून बघा, स्टेपनी धरून ठेवणारा नट कधीकधी चाकाच्या नटापेक्षा वेगळ्या मापाचा असतो, तसा निघाला तर त्याचंही सॉकेट त्याच डबीत टाका.