मायक्रोग्लियाची साखर मोजताना या चुका टाळा

मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, शांत असताना ग्लुकोज मुख्यतः मायटोकॉन्ड्रियात पुरतं जाळतात. एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, दाह पेटवणारा घटक) दिलं की त्यांच्यावरचा ग्लुट-१ (ग्लुकोज आत घेणारं प्रथिन) वाढतो आणि ग्लायकोलिसिसचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेर ग्लुकोज अर्धवट तोडण्याचा, वेग चढतो. त्यातून एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी (पेशीच्या ऊर्जेचं चलन) मिळतात, पूर्ण ज्वलनातून सुमारे ३०. पण ते २ फार लवकर हाती येतात. हा बदल डिशमध्ये मोजायचा असेल तर आधी मीडियमच्या (पेशी वाढवायच्या द्रावणाच्या) बाटलीवरचं लेबल वाचा.

हाय-ग्लुकोज डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये लिटरला ४.५ ग्रॅम, म्हणजे २५ मिलिमोलर ग्लुकोज असतं. मेंदूत पेशींभोवती ते साधारण १ ते २.५ मिलिमोलर असतं. दहापट साखरेत वाढलेल्या पेशींवरून मेंदूबद्दल बोलणं चूकच. ५.५ मिलिमोलरचं मीडियम घ्या. मात्र इथेच दुसरा खड्डा आहे: एलपीएस दिलेल्या पेशी साखर भराभर संपवतात, कंट्रोलच्या (एलपीएस न दिलेल्या) पेशी हळू. २४ तासांनी प्लेटवरच्या एका वेलमधल्या (खळग्यातल्या) पेशी उपाशी, शेजारच्या पोटभर, आणि उपासमारीचा परिणाम एलपीएसच्या नावावर जमा होतो. म्हणून मीडियममध्ये उरलेलं ग्लुकोज प्रत्येक वेळी मोजा.

सीहॉर्सवर (पेशींचा श्वसनवेग आणि आम्लनिर्मिती मोजणाऱ्या यंत्रावर) ईसीएआर, म्हणजे मीडियम आंबट होण्याचा वेग, सपाट येत असेल तर पहिला संशय बायकार्बोनेटवर घ्या. तयार होणारं आम्ल त्या बफरमध्येच जिरतं. बायकार्बोनेटविरहित मीडियम घ्या, पीएच ३७ अंशांवर ७.४ ला लावा, पेशी कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये ४५ ते ६० मिनिटं ठेवा. मग क्रमाने ग्लुकोज १० मिलिमोलर, ऑलिगोमायसिन (मायटोकॉन्ड्रियातली एटीपीनिर्मिती रोखणारं औषध) १ मायक्रोमोलर, २-डीजी (ग्लायकोलिसिस रोखणारं, ग्लुकोजसारखं रसायन) ५० मिलिमोलर (वेलमधली अंतिम मात्रा). ऑलिगोमायसिननंतर आकडा हललाच नाही, तर औषध जुनं झालं असेल किंवा पेशी आधीच कमाल वेगाने चालल्या असतील. शिवाय श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही मीडियम आंबट करतो, तेव्हा नुसत्या ईसीएआरवर विसंबू नका. लॅक्टेट (ग्लायकोलिसिसमधून बाहेर पडणारा पदार्थ) वेगळं मोजा.

२-डीजीने दाह कमी झाला, म्हणून तो ग्लायकोलिसिसमुळेच होता असंही ठरत नाही. हे रसायन प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या बसण्यातही अडथळा आणतं. जोडीला ग्लुकोजविरहित मीडियमची तुलना ठेवा, पण त्यातलं ग्लुटामाइन (एक अमिनो आम्ल) विसरू नका: साखर मिळेनाशी झाली की मायक्रोग्लिया त्यावर निभावून नेतात. ग्लुटामाइन असलेली आणि नसलेली, अशा दोन्ही वेल एकाच प्लेटवर लावा.