बेळगावात नेमबाजी सुरू ठेवायची असेल तर

बदली होऊन, लग्न होऊन किंवा कॉलेजसाठी कोल्हापूर-सांगलीकडून इकडं आलेल्या नेमबाजाचा पहिला प्रश्न "रेंज कुठं आहे?" हाच असतो. ती सापडते, टिळकवाडीत दोन-चार जणांना विचारलं की कुणीतरी सांगतोच. मीही तिकडूनच आलो, आता इथलाच झालोय, त्यामुळं नवीन मंडळी हमखास कुठं अडकतात ते सांगतो. अडकतात ती क्लबाच्या लीगमध्ये.

"मी तिकडं ६१८ मारायचो" असं सांगत आलेल्या पोराचा आकडा इथल्या वहीत ३९२ पडतो आणि त्याचा चेहरा उतरतो. नेम काही गेलेला नसतो. एअर रायफलला आंतरराष्ट्रीय नियमात दशांश धरतात, म्हणजे दहाच्या आत मध्याला किती जवळ लागलं तेही मोजतात. एका शॉटला १०.९ पर्यंत मिळतात, म्हणून ६० शॉटची कमाल ६५४. दशांश सोडले की तीच मॅच ६०० ची होते. आणि लहान क्लबात अनेकदा ४० शॉटच मारतात, म्हणजे ४०० ची. बायकांची मॅचही २०१८ च्या आधी ४० शॉटचीच होती, त्यामुळं जुन्या मंडळींना त्यात काही वावगं वाटत नाही. पिस्टलवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी, त्यांचा पात्रता फेरीचा स्कोअर वरच्या पातळीवरही पूर्ण अंकातच. म्हणून ओळख करून देताना नुसता आकडा फेकू नका. किती शॉट, दशांश की पूर्ण अंक, लक्ष्य कागदाचं की इलेक्ट्रॉनिक, हे सोबत सांगा. नाहीतर समोरचे सर मान डोलावतात आणि मनात म्हणतात, बघू या.

सगळ्यात जास्त भांडणं कागदी कार्डावरून, म्हणजे लक्ष्याच्या छापील कागदावरून होतात. एअर रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पेलेट, म्हणजे एअर रायफलचा छर्रा, साडेचार मिलिमीटरचा. पेलेटची कड ठिपक्याला शिवली की दहा, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. रेघेला शिवलं तर वरचा अंक, हा नियम सगळीकडं एकच. फरक पडतो तो शिवलं की नाही हे ठरवतं कोण आणि कशानं, यात. काही ठिकाणी भोकात गेज (मोजायची खुंटी) घालून बघतात. काही ठिकाणी जुने मेंबर कार्ड खिडकीकडं धरून "दहाच की हे!" म्हणतात, आणि ते दहाच असतं. त्यात आमचा पाऊस. जून ते सप्टेंबर कार्ड सादळतं, भोक गोल न पडता फाटतं, आणि फाटलेल्या कडेवर गेजही नीट बसत नाही. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात ज्या क्लबाकडं गेज नाही त्याच्या लीगचा स्कोअर मनाला लावून घेऊ नये.

दुसरी बाब कार्डं वाचवण्याची. आंतरराष्ट्रीय नियमात रायफलच्या एका कार्डावर एकच शॉट. क्लबाला ते परवडत नाही, म्हणून एका कार्डावर पाच, कधी दहासुद्धा मारतात. तुमचं ग्रुपिंग चांगलं असेल तर त्याचाच ताप होतो. दोन पेलेट एकाच भोकातून गेले की चारच भोकं दिसतात आणि पाचवा शॉट बाहेर गेला असं धरलं जातं. काही क्लब अशा वेळी संशयाचा फायदा देतात, काही शून्य लिहितात. हे मॅचच्या आधीच विचारून घ्या. नंतर विचारलंत तर नवा आलेला माणूस वाद घालतो असं होतं.

वेळेचंही तसंच. ६० शॉटला इलेक्ट्रॉनिकवर ७५ मिनिटं आणि कागदावर ९० मिनिटं, त्याआधी तयारी आणि साइटरसाठी (स्कोअरमध्ये न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटसाठी) १५ मिनिटं, हे पुस्तकातलं. लेन कमी आणि माणसं जास्त असली की क्लब वेळ कापतो, साइटरही मोजून देतो. सवय करून ठेवा.

सामानाचं थोडक्यात सांगतो. ओपन साइटची (उघड्या खाचेतून नेम धरायची) देशी स्प्रिंग रायफल आणि पीप साइटची (बारीक भोकातून नेम धरायची) पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली रायफल, एकाच गटात आहेत का ते बघा. असतील तर हँडिकॅप, म्हणजे साध्या रायफलवाल्याला स्कोअरमध्ये सवलत, आहे का विचारा. नेमबाजीचं जाड जॅकेट चालतं का हेही विचारा, ओपन साइटच्या गटात काही जण हरकत घेतात. पिस्टलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. क्लबात कुणी वजन लावून बघत नाही म्हणून हलका केलात तर राज्य स्पर्धेत पहिल्याच तपासणीत अडकाल.

राज्य स्पर्धा म्हटली की सीमेचा प्रश्न आलाच. क्लबाच्या लीगला तुम्ही कुठले याचं कुणाला पडलेलं नसतं. निपाणीची पोरं सरावाला कोल्हापूरला जातात, ते जवळ पडतं. पण मावळंकर स्पर्धेकडं (राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा) जायचं असेल तर तुम्ही कर्नाटकाकडून खेळणार की महाराष्ट्राकडून, हे आधी ठरवावं लागतं, दोन्हीकडून चालत नाही. आधी तिकडून खेळला असाल तर जुन्या संघटनेचं ना-हरकत पत्र येतानाच घेऊन या, आणि पत्त्याचे कागद बदलायला वेळ लागतो हे धरून चाला.

घरी स्वप्नील कुसळेचं पाहून हट्ट धरलेलं पोर असेल तर त्याला आधीच सांगा, की २०२४ चं पॅरिसचं ते ब्राँझ ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) आहे. त्याला पॉइंट टू टू रायफल लागते आणि तिला परवाना लागतो. सुरुवात १० मीटर एअरनंच करायची. साडेचार मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, पण बिल आणि ओळखपत्र केसमध्ये ठेवाच. निवडणुकीच्या दिवसांत सीमेवरच्या कोगनोळी नाक्याला गाड्या तपासतात. तिथल्या पोलिसाला लांबून ती बंदूकच दिसते, आणि तुमचा दहा मीटरचा खुलासा ऐकायला मागच्या रांगेला वेळ नसतो. रायफल बंद केसमध्ये, पेलेट वेगळ्या डब्यात, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत पट्टी) घातलेला, आणि कागद वरच्या कप्प्यात असावेत.

शेवटी टाय, म्हणजे दोघांचा स्कोअर सारखा झाला तर काय. कुणी आतले दहा (अगदी मध्यावर लागलेले) मोजतं, कुणी शेवटच्या सिरीजपासून (दहा शॉटच्या गटापासून) मागं जातं, तर कुणी सरळ एकेक शॉट मारायला लावतं. पहिल्या मॅचच्या दिवशी थोडं लवकर जा, चहा घेताघेता सेक्रेटरींना हे सगळं विचारा. हरकत घ्यायची असेल तर कार्डावर सही करण्याआधी घ्या. सही झाली की कार्ड गठ्ठ्यात जातं आणि विषय संपतो.