ओढा साफ करायचाय? आधी गाडीचं बघा

२ ऑक्टोबर जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, चला आपल्या भागात स्वच्छता करू. करा, नक्की करा, पण आमची चूक करू नका. पुण्यात सहकारनगरला आंबिल ओढ्याच्या काठावर आम्ही पहिल्यांदा उतरलो तेव्हा ४० पोती भरली, फोटो काढले, पोहे खाऊन घरी गेलो. कचरा न्यायला महापालिकेची गाडी कोणी सांगितलीच नव्हती. रात्री कुत्र्यांनी पोती फाडली आणि मंगळवारपर्यंत निम्मा कचरा परत ओढ्यात. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, माणसं नंतर गोळा करा, कचरा कोण उचलणार ते आधी ठरवा.

त्यासाठी १०-१२ दिवस आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आरोग्य निरीक्षकांना साधं पत्र द्यायचं, जागा, तारीख, अंदाजे किती पोती निघतील आणि गाडी किती वाजता हवी एवढंच लिहायचं आणि पोच घ्यायची, ती विसरू नका. मग आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या जागी, जाऊन मुकादमांना भेटा, गाडी कुठपर्यंत आत येते, कुठल्या कोपऱ्यात कचरा परत परत पडतो हे त्यांना तोंडपाठ असतं. घरोघरी कचरा घेणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना पण विचारा, सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे असतात त्यामुळे कशाला भाव आहे, कशाला नाही हे त्या बघूनच सांगतात. मदतीला बोलावलंत तर त्या दिवसाचे पैसे द्या, रोजचं काम उरकून त्या येणार असतात.

ओढा असेल तर खरं म्हणजे २ ऑक्टोबर नको, एप्रिल-मे धरा, सकाळी साडेसहा ते नऊ. पावसाळ्यात पात्रात अजिबात उतरायचं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसं गेली. वर कात्रजकडे जोरात पाऊस झाला तर आपल्याकडे थेंब नसला तरी पाणी वाढू शकतं. आणि मे महिन्यात काढलेलं प्लास्टिक जूनमध्ये पुलाखाली अडकत नाही, हा मोठा फायदा.

सामान फार लागत नाही. खराटे, घमेली, दोन फावडी, दाताळं, सिमेंटची रिकामी पोती (बांधकामावर मागितली की मिळतात) आणि जाड रबरी हातमोजे, ते पातळ पॉलिथिनचे नकोत, काचेने लगेच फाटतात. सगळ्यांना बूट कंपल्सरी, चप्पलवाल्याला चहाच्या टेबलावर बसवा. लहान मुलांना पात्रात न्यायचं नाही, वरच्या रस्त्यावर रॅपर गोळा करू देत.

वेगळं जागेवरच करायचं, भरलेलं पोतं नंतर कोणी उघडत नाही. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा एकीकडे, मातीने माखलेल्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं दुसरीकडे, फुटक्या काचा वेगळ्या बादलीत. डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे आत काय आहे ते उचलणाऱ्याला कळतं. इंजेक्शनच्या सुया दिसल्या तर हात लावू नका, चिमट्याने उचलून झाकणाच्या जाड बाटलीत टाका. वाळलेला पाला पोत्यात भरायची गरजच नाही, खताला ठेवा, आणि कोणी काडी लावत असेल तर थांबवा.

मुळांत गुंतलेल्या साड्या, चादरी ओढू नका. आम्ही एक ओढली तर तिच्यामागे हातभर काठच निघून आला. कात्रीने किंवा कोयत्याने कापा, जेवढं निघेल तेवढं काढा.

देवाचे जुने फोटो खूप सापडतात, पिंपळाखाली तर ढीगच. लोक हात लावायला कचरतात. आमच्यातल्या एक आजी खाली बसून एकेका फोटोची काच, चौकट, पत्रा वेगळा करायच्या, कागद पुसून घडी घालायच्या, आम्ही तो पाण्यात भिजवून झाडाला घातला. कोणाचंही मन दुखावलं नाही.

गाडी भरून निघेपर्यंत चार जणांनी थांबायचंच. आणि पुढचा आठवडाभर रात्री नऊ ते साडेदहा दोघांनी त्या कोपऱ्यावर उभं राहायचं, कारण पिशव्या तेव्हाच पडतात. भांडू नका, ताई सकाळी किती वाजता येतात तेवढं सांगा. आमच्याकडे पिशवी टाकायला आलेल्या बऱ्याच जणांना ती वेळच माहीत नव्हती.