‘तबकडीवाल्यांचे गूढ मृत्यू’ : फॉरवर्ड आलेली यादी घरबसल्या कशी तपासावी

चवथीच्या तिसऱ्या दिवशी, नेवऱ्यांचा डबा अजून सोप्यावरच होता, तेव्हा भाऊकाकांनी माशेलच्या आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. ‘उडत्या तबकड्यांचा शोध घेणाऱ्या १३७ जणांचे दहा वर्षांत गूढ मृत्यू! सरकार गप्प का?’ खाली बारा नावं, प्रत्येक नावापुढे दोन-दोन उद्गारचिन्हं, आणि शेवटी ‘डिलीट होण्याआधी पुढे पाठवा’. जेवणं होईपर्यंत फोंड्याच्या आत्याने तो तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर सरकवलासुद्धा.

काकांनी सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. त्यांना ‘हे सगळं खोटं आहे’ असं सांगून उपयोग नसतो, गणित मांडून दाखवावं लागतं. म्हणून मी दोनशे पानी वही घेऊन बसले. दोन संध्याकाळी गेल्या. त्यात जी पद्धत हाताला लागली ती इथे देते. असा मजकूर तुमच्याही ग्रुपवर आज ना उद्या येणारच आहे.

आधी मजकूर कागदावर उतरवा

मोबाइलवर वाचताना एक मृत्यू पुरता कळायच्या आत दुसरा समोर येतो आणि दहाव्या नावापर्यंत अंगावर काटा उभा राहतो. कागदावर तसं होत नाही. वही आडवी धरा आणि सहा रकाने आखा: नाव, पेशा, मृत्यूची तारीख, गाव, मजकुरात दिलेलं कारण, नोंदीतलं कारण. सहावा रकाना सध्या कोरा ठेवा. ‘नासाचा एक वरिष्ठ शास्त्रज्ञ’ असल्या बिननावाच्या ओळींवर सरळ काट मारा, कारण नावच नसेल तर शोधणार कोणाला? काकांच्या मजकुरात आकडा १३७ चा, नावं बारा, आणि तारीख असलेली नावं फक्त सात.

पेशाचा रकाना भरतानाच निम्मं काम होतं. मजकूर सगळ्यांना ‘संशोधक’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यात एक लढाऊ वैमानिक होता, एक माजी संरक्षणमंत्री, एक वार्ताहर बाई आणि एक रेडिओ निवेदक. तबकडी हा शब्द ज्याच्या आसपास कुठेही आला, त्याला यादीत जागा.

आकड्याचं मूळ गाव शोधा

१३७ हा आकडा बराच जुना निघाला. १९७१ मध्ये ऑटो बाइंडर नावाच्या अमेरिकन लेखकाने ‘सागा’ मासिकासाठी एक लेख लिहिला, त्यातला हा आकडा. बाइंडर मुख्यतः कॉमिक्स आणि विज्ञानकथा लिहीत असे, सुपरगर्ल हे पात्र घडवण्यात त्याचा हात होता. कथाकार म्हणजे खोटारडा असं काही मला म्हणायचं नाही. पण त्याची ‘गेली दहा वर्षं’ म्हणजे साधारण १९६० चं दशक. लेख जुना झाला, मजकूर पन्नास वर्षं फिरत राहिला, आणि ‘गेल्या दहा वर्षांत’ हे शब्द कोणी बदललेच नाहीत.

आता गणित. १९६० च्या दशकात अमेरिकेत दर हजार माणसांमागे वर्षाला साडेनऊच्या आसपास माणसं मरत. म्हणजे चौदाशे लोकांचा कुठलाही गट घ्या, दहा वर्षांत त्यातली एकशे तीस-पस्तीस माणसं जाणार. तबकड्यांमध्ये रस असलेल्यांच्या तिथल्या संघटनांचे सभासद त्या काळी हजारांनी मोजले जात. मग १३७ हा आकडा भीतीदायक की मामुली? आत्याच्या भजनी मंडळातले पाच जण गेल्या काही वर्षांत गेले. कोणीतरी टाळकऱ्यांना एकेक करून संपवतंय, असं अजून तरी माशेलात कोणी म्हटलेलं नाही.

‘मरण्याआधीच्या तासाभरात काय घडलं?’ हे विचारा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मी तो कॅप्टन थॉमस मँटेलला दिला, कारण त्याचं नाव जवळपास प्रत्येक यादीत असतं. ७ जानेवारी १९४८, अमेरिकेतलं केंटकी राज्य. आकाशात काहीतरी मोठं, चकचकीत दिसत होतं. फोर्ट नॉक्सजवळच्या गॉडमन तळावरच्या लोकांनी वाटेने जाणाऱ्या चार एफ-५१ विमानांना ते बघायला सांगितलं. मँटेल त्यांचा म्होरक्या, वय अवघं २५. एक विमान आपल्या वाटेने पुढे गेलं, उरलेली तीन वर चढू लागली. सोबतचे दोघे बावीस हजार फुटांच्या आसपास मागे फिरले, कारण एवढ्या उंचीवर लागेल एवढा ऑक्सिजन सोबत नव्हता. मँटेल वर जातच राहिला आणि त्याचं विमान फ्रँकलिन गावाजवळ कोसळलं.

मजकुरात याचं कारण ‘तबकडीतून आलेला किरण’ असं आहे. उंची डोळ्यांसमोर आणायची तर कळसूबाई जेमतेम ५,४०० फूट. त्याच्या चौपट उंचीवर ऑक्सिजनशिवाय काही मिनिटांत माणसाचं भान जातं, आणि भान जातंय हे त्याचं त्याला कळतही नाही. सहावा रकाना भरला.

पण मग तो कशाच्या मागे लागला होता? अधिकाऱ्यांनी आधी सांगितलं शुक्र ग्रह. ते कोणाला पटलं नाही, आणि न पटणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्या काळी अमेरिकन नौदल ‘स्कायहूक’ नावाचे प्लॅस्टिकचे अवाढव्य फुगे तीस-तीस किलोमीटर उंचीवर सोडत होतं. उन्हात ते धातूसारखे चमकत. काम गुप्त, त्यामुळे ना मँटेलला माहीत, ना त्याला पाठवणाऱ्यांना. आज सगळ्यात जुळणारं उत्तर तेच मानलं जातं.

इथे मला काकांची बाजू घ्यावी लागली. काहीतरी लपवलं जातंय, हा लोकांना आलेला वास बरोबर होता. लपवलेला होता तो फुगा. १९४७ च्या रॉसवेल प्रकरणाचंही तसंच, जिथे कोसळलेल्या तबकडीचे तुकडे सापडले असं लोक म्हणत. सोव्हिएत अणुस्फोटांचा कानोसा घेणाऱ्या ‘मोगल’ फुग्यांचे ते अवशेष होते, हे अमेरिकन हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं. सत्तेचाळीस वर्षं गप्प बसल्यावर लोकांनी तबकड्या रचल्या तर नवल काय?

वाचलेली माणसं शोधा

मृतांच्या यादीत वाचलेल्यांना जागा नसते, म्हणून त्यांना मुद्दाम शोधायचं. १ ऑगस्ट १९४७ ला वॉशिंग्टन राज्यात केल्सोजवळ एक बी-२५ विमान कोसळलं आणि कॅप्टन डेव्हिडसन व लेफ्टनंट ब्राउन हे दोन अधिकारी गेले. मॉरी बेटाजवळ तबकड्या दिसल्याच्या दाव्याची चौकशी करून ते परतत होते. मजकूर एवढंच सांगतो, आणि खरं सांगते, वाचताना माझाही श्वास अडकला. पण त्या विमानात आणखी दोघे होते. इंजिनाला आग लागल्यावर ते पॅराशूटने उतरले आणि आगीची हकिगत त्यांनीच सांगितली. मूळ तबकडीचा दावा बनावट होता, असा एफबीआयचा निष्कर्ष.

आत्महत्येपाशी आवाज खाली आणा

यादीतली तीन नावं या रकान्यात येतात. ती लिहिताना माझी गंमत संपली.

जेम्स मॅकडोनाल्ड ॲरिझोना विद्यापीठात वातावरणशास्त्रज्ञ होते. तबकड्यांच्या नोंदी गंभीरपणे तपासा, असं त्यांनी १९६८ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितलं. १९७१ मध्ये ते वेगळ्याच कामासाठी, आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानांमुळे ओझोनवर होणाऱ्या परिणामांबद्दल, साक्ष द्यायला गेले, तर तिथे त्यांची तबकड्यांवरून टर उडवली गेली. घरही मोडत चाललं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यातून वाचले पण दृष्टी गेली. जूनमध्ये टूसॉनजवळच्या वाळवंटात त्यांचा मृतदेह सापडला. मजकुरात यातलं फक्त शेवटचं वाक्य आहे. एप्रिल गाळला, घर गाळलं, टवाळी गाळली की उरतं ते वाळवंटातलं गूढ.

मॉरिस जेसप हा तबकड्यांवर पुस्तक लिहिणारा लेखक १९५९ मध्ये गेला, तीही आत्महत्या अशीच नोंद आहे. तिसरे जेम्स फॉरेस्टल, अमेरिकेचे पहिले संरक्षणमंत्री. नैराश्यासाठी नौदलाच्या रुग्णालयात होते, २२ मे १९४९ ला सोळाव्या मजल्यावरून पडून गेले. तबकड्यांच्या कथित गुप्त समितीत त्यांचं नाव असलेले कागद उजेडात आले ते १९८० च्या दशकात, आणि एफबीआयने ते बनावट ठरवले. मृत्यू आधीचा, तबकड्यांशी सोयरीक नंतरची. प्रत्येक ओळीपुढे म्हणूनच दोन तारखा लिहा: माणूस कधी गेला, आणि ही गोष्ट पहिल्यांदा कधी छापून आली.

तारखांच्या योगायोगावर भाळू नका

फ्रँक एडवर्ड्स हा रेडिओ निवेदक २३ जून १९६७ ला हृदयविकाराने गेला. केनेथ आर्नल्ड या अमेरिकन वैमानिकाने २४ जून १९४७ ला नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या आणि तबकड्यांचं युग सुरू झालं, त्याला वीस वर्षं व्हायला एक दिवस कमी. वर्षातला प्रत्येक दिवस कशाची ना कशाची आदली रात्र असतेच. पुढे चला.

यादीत नसलेल्यांना बोलवा

डोनाल्ड कीहो, ‘सरकार लपवतंय’ हे सगळ्यात मोठ्याने सांगणारा माणूस, ९१ व्या वर्षी गेला. हवाई दलाचे सल्लागार असलेले आणि पुढे तबकड्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था काढणारे खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक पंचाहत्तरीत गेले. रॉसवेल प्रकरण उकरून काढणारे स्टँटन फ्रीडमन ८४ वर्षं जगले. तोंड बंद करायचंच होतं तर हे तिघे कसे सुटले?

‘माहीत नाही’ लिहायला लाजू नका

फ्रेडरिक व्हॅलेंटिच, वय २०. २१ ऑक्टोबर १९७८ ला ऑस्ट्रेलियात बास सामुद्रधुनीवरून एकटाच सेस्ना विमान नेत होता. डोक्यावर काहीतरी घिरट्या घालतंय असं त्याने रेडिओवर सांगितलं आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. चौकशीत कारण ठरलं नाही. माझ्या वहीतला त्याचा सहावा रकाना कोराच आहे. जे मिळालं नाही ते भरायचं नाही, आपल्या बाजूच्या उत्तरानेही नाही.

असंच एक अलीकडचं नाव मॅक्स स्पायर्स, तबकड्या आणि सरकारी कटांवर बोलणारा ब्रिटिश माणूस, २०१६ मध्ये पोलंडमध्ये गेला. ‘मला काही झालं तर चौकशी करा’ असा निरोप त्याने आईला पाठवला होता, हे खरं आहे. ब्रिटनमधल्या चौकशीत २०१९ ला न्यूमोनिया आणि औषधांचा अतिरेक हे कारण नोंदलं गेलं. पण पोलंडच्या पोलिसांनी सुरुवातीला नीट तपास केला नाही, असंही त्याच चौकशीत स्पष्ट म्हटलं गेलं. दोन्ही गोष्टी लिहा. सोयीची एकच लिहिली तर आपणही फॉरवर्डच केलं.

नोंदी कुठे बघायच्या

एफबीआयने जुन्या फायली स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. तबकड्या दिसल्याच्या नोंदी तपासणाऱ्या, अमेरिकन हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पाची कागदपत्रं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. आणि प्रकरण गोव्यातलं असेल तर पणजीच्या पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळा.

गोव्याच्या आकाशाबद्दल दोनच ओळी. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, शिवाय हंसा तळावरची नौदलाची मिग-२९के, यामुळे समुद्रावर न हलणारे दिवे दिसतात. समोरून येणारं विमान बराच वेळ एका जागी टांगल्यासारखं वाटतं. माळेसारखी एका ओळीत सरकणारी टिंबं म्हणजे बहुधा स्टारलिंकचे उपग्रह. शंका असेल तर पणजीच्या सार्वजनिक वेधशाळेतल्या मंडळींना विचारा. माझ्या आजीच्या वेळी शेतातला हलता दिवा म्हणजे देवचाराची, गावच्या राखणदाराची, चूड असे. तिला कोणाला विचारायची गरज पडत नसे.

उत्तर ग्रुपवर नको, सोप्यावर द्या

मोठ्या माणसाला चारचौघांत खोडून काढलं की तो दुसऱ्या दिवशी दुप्पट लांबीचा मजकूर टाकतो. मी वही घेऊन काकांकडे गेले, सोबत चहा. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि सवयीने थेट गणितावर गेले.

“चौदाशे कशाला धरलेस? तुझ्या संघटनांतली माणसं काय पाळण्यातली होती? प्रौढांचा दर घे, आणखी कमी लोकांत बसेल.” त्यांनी समासात नवं गणित मांडलं. मग बोट सरकत सरकत व्हॅलेंटिचपाशी थांबलं.

“मग तो पोरगा गेला कुठे गो?”

“नाही कळलं, काका.”

त्यांनी थोडा वेळ त्या कोऱ्या रकान्याकडे बघितलं, पेनाचं टोपण लावलं, आणि वही माझ्याकडे न देता आतल्या टेबलावर नेऊन ठेवली.